बायकांचं काम करून राजकारणात टिकता येतं का?

निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. महिला राखीव जागेवर त्या थेट निवडणुकीत सरपंच झाल्या. घरी द्राक्षं आणि कांदा, दोन शाळकरी मुलं, नवरा सोसायटीचा माजी संचालक. त्या विचारतात, ‘मला बायकांच्या बरोबरीसाठी मनापासून काम करायचंय आणि पुढं पंचायत समिती, जिल्हा परिषदेपर्यंत जायचंय. पण गावातले जाणते म्हणतात, रस्ते-गटारी कर, बायकांचं काही काढू नको, मतं तुटतील. दोन्ही साधतं का? आणि पुढच्या वेळी आरक्षण निघून गेलं तर मी घरीच ना?’

ताई, साधतं. मी एक टर्म पंचायत समितीत काढली. नंतरची बरीच वर्षं दिंडोरी, पेठ, चांदवड, निफाडकडच्या सदस्य बायकांची प्रशिक्षणं घेण्यात गेली. सभा गाजवणाऱ्या बायका खूप पाहिल्या. पाच वर्षांनंतरही राजकारणात ज्या उरल्या, त्यांतल्या बहुतेक जणी वेगळ्या होत्या. ग्रामपंचायतीच्या खात्यात आज किती पैसे आहेत, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नसे. म्हणून समानतेकडं येण्याआधी तुमच्या सहीबद्दल बोलते.

तुमची डीएससी, म्हणजे डिजिटल सही, आत्ता कुठं आहे? वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून निघतो आणि त्याला ग्रामसेवकाची नि सरपंचाची, दोघांची डिजिटल सही लागते. ही सही म्हणजे पेनड्राइव्हएवढा डोंगल आणि त्याचा पिन. गावोगावी मी एकच चित्र पाहत आले. बाईंचा डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पिन त्याच्या वहीच्या मागच्या पानावर आणि नोंदवलेला मोबाइल नंबर मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा. बाई वावरात कांदे खुरपत असतात आणि त्यांच्या सहीनं बिलं निघत असतात. उद्या चौकशी लागली तर नोटीस मात्र मालकांच्या नावानं येत नाही, ती तुमच्याच नावानं येते. वसुलीही तुमच्याकडून होते आणि अपात्रतासुद्धा तुमच्याच वाट्याला येते. तेव्हा या आठवड्यात नंबर बदलून घ्या, पिन नवा टाका आणि डोंगल घरी न्या. भाऊसाहेब कुरकुरतील, ‘ताई, तुम्हाला प्रत्येक वेळी यावं लागेल.’ यावंच लागतं, त्यासाठीच निवडून दिलंय. (ग्रामसेवकाचं पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पण गावात ते भाऊसाहेबच राहणार.) कोऱ्या चेकवर सही कधीच नाही, अगदी सख्ख्या दिरानं मागितली तरी.

दुसरं प्रोसिडिंग बुक. मासिक सभेचं इतिवृत्त लिहिताना ठरावाखाली चार-सहा ओळी मोकळ्या सोडायची जुनी खोड असते. ‘नंतर नीट लिहितो’ म्हणतात, आणि त्या जागेत पुढं काय उगवेल ते सांगता येत नाही. शेवटच्या ओळीला चिकटून सही करायची, मोकळ्या जागेवर तिरकी रेघ मारायची, सूचक-अनुमोदकांची नावं त्याच बैठकीत लिहून घ्यायची. घरी आल्यावर त्या पानाचा मोबाइलवर फोटो. एवढी सवय पहिल्या तीन महिन्यांत लावलीत की अर्ध्या लोकांना कळतं, ही बाई नावापुरती नाही.

मालकांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रशिक्षणात चहाच्या वेळी सगळ्या जणी हेच विचारतात. गावात बाईंना ‘सरपंचताई’ म्हणतात आणि त्यांच्या मालकांना ‘सरपंचसाहेब’. कार्यालयात बसायला किंवा मासिक सभेत बोलायला नवऱ्याला कायद्यात जागा नाही, हे खरं. पण पहिल्याच सभेत त्यांना दाराबाहेर उभं केलंत तर गाव महिनाभर तेवढंच चघळत बसेल. तुमच्या मालकांना सोसायटीचा अनुभव आहे. तालुक्याची माणसं ओळखणं, बाहेरची धावपळ, वसुलीला मदत, याला त्यांचा उपयोग करून घ्या. सभेला मात्र तुम्ही एकट्या. हे घरात, मुलं झोपल्यावर, स्पष्ट बोलून ठरवा. जिथं हे आधी ठरलं नाही, तिथं ते चारचौघांत ठरतं आणि मग दोघांचाही अपमान होतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं. रस्ते-गटारी हे विकासाचं आणि बायकांचं ते वेगळं, ही वाटणी मला मुळातच मान्य नाही. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावाचं सांगते. ग्रामपंचायत कायद्यात प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती कशी होते ते तुम्हाला ठाऊक असेल. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, बायका दळण निवडता निवडता सही करतात, झाली महिला सभा. या गावच्या सरपंचबाईंनी ती खरोखर भरवायची ठरवली, तर पहिल्या वेळी मोजक्याच बायका आल्या. कारण साधं होतं. सभा दुपारची ठेवलेली आणि दिवस द्राक्षांच्या थिनिंगचे, म्हणजे घडातले मणी विरळ करायचे. सातच्या आत मजूर बायकांची पिकअप निघते ती दिवे लागायला परत येते. पुढची सभा त्यांनी रात्री जेवणं आटोपल्यावर, मारुतीच्या पारावर न घेता अंगणवाडीत घेतली. पारावर सासरे-दीर बसलेले असतात, तिथं सुना तोंड उघडत नाहीत. अंगणवाडीत खोली भरली आणि एकच विषय निघाला. नळाला पाणी सकाळी दहाला सुटतं, तेव्हा मजुरीवर जाणारी बाई गावात नसते. मग एकतर शाळेतली पोरगी घरी राहते, नाहीतर बाईचा त्या दिवसाचा खाडा होतो.

पाणी दहालाच का, तर पाणी सोडणाऱ्याला ती वेळ सोयीची. ठराव झाला, वेळ पहाटे साडेपाचची झाली, त्याच्या मानधनात थोडी वाढ केली. ना वेगळा निधी लागला, ना वरची मंजुरी, ना टेंडर. मुली शाळेत जायला लागल्या. एवढा मोठा बदल त्या पाच वर्षांतल्या कुठल्याच काँक्रीट रस्त्यानं केला नाही, आणि पुढच्या निवडणुकीत मजूर वस्तीनं मत देताना तो लक्षात ठेवला. त्या बाईंनी समानता हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. कामाच्या प्रत्येक यादीकडं ‘यातून कुणाचा वेळ वाचतो?’ या नजरेनं बघा. आराखडा करताना पथदिवे कुठल्या वाटेवर, शौचालयाला पाणी आहे का, दळणाची गिरणी किती लांब, बस कुठं थांबते, हे सगळं त्यात येतं.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. ते जातात कुठं? मार्च अखेरीला घाईघाईनं शिलाई मशिनं, नाहीतर महिला दिनाचा मंडप, फेटे आणि सन्मानचिन्हं. एप्रिलमध्येच अंदाजपत्रक, म्हणजे नमुना १, समोर घेऊन ही रक्कम किती ते विचारा आणि महिला सभेत जाहीर करा. आकडा छोटा असेल, पण तो बायकांना कळला की पुढच्या सभेला बोलवावं लागत नाही.

आता मतं कुठं तुटतात ते. तुटतात ती मालमत्तेवर. तुमच्या शेजारच्या चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्याला लाखावर शेतकरी बायका जमल्या होत्या. माझ्या आधीच्या पिढीतल्या किती तरी जणी घराबाहेर पडल्या त्या तिथून. पंचायतीच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या, ही भाषा आरक्षणाच्या आधी तिथं झाली. पुढं संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं काम घेतलं, नवऱ्यानं जमिनीचा तुकडा आपणहून बायकोच्या नावावर करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या लोकांनी ते करून दाखवलं. कायदाही मागोमाग आला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला. त्यात आधी लग्न झालेल्या मुली सुटल्या होत्या, ती उणीव २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं भरली. आणि वडील तेव्हा हयात होते की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मिटवला.

कागदावर असं सगळं झालंय आणि आपल्याकडं दिवाळीच्या आसपास दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणींची रांग लागते, माहेरच्या जमिनीतला वाटा सोडायच्या हक्कसोडीवर सह्या करायला. साडी मिळते आणि माहेर शाबूत राहतं. मोबदल्यात अर्धा एकर जातो, ज्याचा भाव महामार्गाच्या कडेला काय आहे ते तुम्ही जाणता. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी व्यासपीठावरून या विषयाला हात घालू नका. प्रत्येक भाऊ तुमच्या विरोधात जाईल आणि बहिणीही तुमच्या बाजूनं उघडपणे बोलणार नाहीत. घरापासून सुरुवात करा. नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करता येते. त्यात भाऊबंदकी नाही, वाटणी नाही, कुणाचं काही जात नाही. घरपट्टीची बिलं वाटायच्या वेळी सोबत अर्जाचा कागद द्या, ग्रामसभेत ठराव घ्या आणि पहिला अर्ज तुमच्या मालकांकडून घ्या. ज्या गावांत सदस्यांनी आधी स्वतःच्या घराचे उतारे बदलले, तिथं बाकीचे आले. ज्या गावांत नुसती दवंडी झाली, तिथं अर्ज कपाटात पडून राहिले. उताऱ्यावर नाव आलेली बाई चार वर्षांनी सातबाऱ्याचं स्वतः विचारते. तेव्हा तिला कायदा सांगायला तुम्ही तयार असा.

दारूबंदीचा विषय तुमच्याकडं येणारच, म्हणून थोडक्यात. परवाना असलेलं दुकान बंद करायचं तर २५ टक्के मतदारांच्या किंवा महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज आणि मग गुप्त मतदान, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी (दुकान बंद). आडवीला एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, फक्त आलेल्यांच्या नव्हे. त्यामुळं बायका प्रत्यक्ष बाहेर काढायची तयारी नसेल तर मोर्चा काढू नका, हरलेली बाटली पुढची काही वर्षं डोक्यावर बसते. हातभट्टीचा मामला वेगळा, तो पोलीस आणि उत्पादन शुल्कचा. तिथं ग्रामपंचायतीचं पत्र द्या, पोच घ्या आणि एकट्या पुढं होऊ नका.

विधवा प्रथेचंही तसंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ती बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रक आलं आणि मग राज्यभर ठरावांची लाट आली. ठराव करायला पाच मिनिटं लागतात. संक्रांतीला तुमच्या घरच्या हळदीकुंकवाला गावातल्या विधवांना बोलवा आणि पहिलं कुंकू त्यांना लावा. सासूबाई काय म्हणतील ते मला इथं बसून सांगता येणार नाही.

विरोध कसा येतो तेही सांगायला हवं. सरळ येत नाही. कामात चूक सापडली नाही की घर बघतात. तिसरं अपत्य, अतिक्रमण, शौचालयाचा दाखला, निवडणूक खर्चाचा हिशेब ३० दिवसांत दिला का, राखीव जागा असेल तर जात वैधता मुदतीत आली का. यांतला एकेक कागद आजच फाइलला लावा, कारण अपात्रतेचा अर्ज बहुधा तुम्ही पहिलं मोठं काम हातात घेतल्यावर पडतो. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात या आरोपावरून काढलं होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत बसवलं, आणि बाईनं सरपंच होऊन निर्णय घ्यावेत हे गावाला पचत नाही, त्यातून अशी प्रकरणं होतात, असं सुनावलंही. पण निकाल लागेपर्यंत बाईंची उमेदीची वर्षं कोर्टात गेली. अविश्वास ठरावाला मात्र घाबरू नका. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं तो आणता येत नाही. नंतरही सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान. तुमची महिला सभा खरी भरत असेल तर ते मतदान तुमचंच आहे.

चारित्र्यावरचा चिखल यापेक्षा वाईट. रात्री अकराला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक वाक्य टाकतो, बिडीओंच्या गाडीतून ताई आल्या वगैरे. ग्रुपवर उत्तर देऊ नका, तो खड्डा तुमच्यासाठीच खणलेला असतो. स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळेसकट ठेवा, दुसऱ्यांदा झालं की लेखी तक्रार. आणि घरी आधी तुम्हीच सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

राहिला आरक्षणाचा प्रश्न, म्हणजे पुढची वाट. आपल्या राज्यात स्थानिक संस्थांमध्ये बायकांना १९९० मध्ये ३० टक्के, ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. विधानसभेत मात्र २८८ मध्ये बायका अजून विशीच्या आसपास. लोकसभा-विधानसभेच्या आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर. यातून मी एवढंच काढते की आरक्षणाच्या सोडतीत निघणाऱ्या चिठ्ठीच्या भरवशावर कारकीर्द होत नाही. जिल्हा परिषदेचंच बघा, २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासक. ज्या बायका फक्त पदावर उभ्या होत्या, त्या तेवढ्या काळात लोकांच्या विस्मरणात गेल्या.

आपल्या जिल्ह्यात उलटी उदाहरणंही आहेत. शांताबाई दाणी नाशिकच्या. दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीनं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि मग रिपब्लिकन पक्षाचं काम त्यांनी केलं, भूमिहीनांच्या सत्याग्रहात उतरल्या, मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली आणि १९६८ ते १९७४ विधान परिषदेत होत्या. त्यांच्यासाठी कुठली महिला राखीव चिठ्ठी निघाली नव्हती. त्यांना नुसतं महिला आघाडीवर बसवता आलं नाही, कारण जमीन, शिक्षण, पक्षाची बांधणी, सगळीकडं त्यांचा हात होता. तुम्हालाही पक्षात गेल्यावर पहिली खुर्ची महिला आघाडीची देतील. घ्या, पण बाजार समिती, पाणीवाटप, सोसायटी यांच्या बैठका सोडू नका. कांद्याच्या भावावर तुम्ही लासलगावच्या आकड्यांसकट बोललात की समोरचा तुम्हाला नुसतं ‘ताई’ म्हणून बाजूला काढू शकत नाही.

अलीकडचंही घ्या. शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर, मग आमदार, मंत्री आणि २०२४ मध्ये धुळ्याच्या खासदार. भारती पवार जिल्हा परिषदेतून दिंडोरीच्या खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री झाल्या. पक्ष वेगळे, घरची पार्श्वभूमी वेगळी, त्यांच्या राजकारणाशी तुम्ही-मी सहमत असू नसू. पायऱ्या कशा चढल्या जातात तेवढं बघा. आणि देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनाला गेल्या, तेव्हा कुठं विधानभवनात हिरकणी कक्षाची, म्हणजे बाळाला पाजायच्या खोलीची, सोय झाली. पुढच्या मुंबईच्या अधिवेशनात तो कक्ष धुळीनं भरलेला होता म्हणून त्यांना पुन्हा बोलावं लागलं. एकदा मिळवलेली सोय दुसऱ्यांदा मागावी लागते, हे ग्रामपंचायतीतही अगदी असंच चालतं.

बचत गटांबद्दल एक गोष्ट जरा रागानं सांगते. नेत्याची सभा असली की तुम्हाला फोन येईल, ‘ताई, तुमच्या गटाच्या शंभर बायका पाठवा, गाडी येईल.’ एकदा पाठवल्यात की तुमची किंमत गाडीभर बायका एवढीच ठरते आणि गटातल्या बायकांच्या मनातूनही उतरता. त्यांचा रोज बुडतो, हे त्या विसरत नाहीत. त्याऐवजी ‘उमेद’ या सरकारच्या बचत गट अभियानातल्या प्रभागसंघाच्या बैठकीला जाऊन बसा, कर्ज बँकेत का अडलंय ते विचारा, शाखाधिकाऱ्याला स्वतः फोन करा. शेजारच्या चार गावांत ओळख अशी होते, आणि पंचायत समितीचा गण म्हणजे अशीच काही गावं.

पक्षात आत्ताच जायचं का, तर घाई नको. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही, त्याचा फायदा तीन वर्षं तरी घ्या, सगळ्यांकडून कामं काढा. पंचायत समितीच्या गणाची आणि जिल्हा परिषदेच्या गटाची निवडणूक चिन्हावर होते, तेव्हा प्रवेश करताना सत्काराच्या हारापेक्षा पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा ए-बी फॉर्म कुणाच्या हातात आहे ते विचारा. समजा तुमचा गण खुला निघाला आणि तालुकाध्यक्ष म्हणाले, ‘ताई, या वेळी दादांना उभं करू, तुम्ही घरच्याच आहात.’ तर त्या बैठकीला महिला सभेची पाच वर्षांची रजिस्टरं घेऊन जा. कोणत्या वस्तीवरून किती बायका आल्या, कुठलं काम झालं, शेजारच्या गावांतल्या किती जणी येऊन बसल्या, ते त्यांच्यासमोर टेबलावर ठेवा आणि विचारा, दादांकडं अशी यादी आहे का.